फरशी चकचकीत, कठडा तसाच

वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा मला दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं आत सोडायचे. पहिल्याच दिवशी माझं लक्ष त्यांच्या कॉटच्या कठड्याकडे गेलं. उजव्या बाजूला, येणारा-जाणारा हात टेकवतो नेमका तिथेच, बीटाडिनचा एक थेंब सुकून तपकिरी झाला होता. दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता. तिसऱ्या दिवशीही. सातव्या दिवशी ओल्या टिश्यूने मीच तो पुसला. या सात दिवसांत फरशी मात्र रोज तीनदा पुसली जात होती. फिनेलचा वास पार लिफ्टपर्यंत यायचा, आणि बाहेर बाकावर बसलेले आम्ही नातेवाईक त्या वासाने निर्धास्त व्हायचो.

नवव्या दिवशी श्वासनलिकेतल्या स्रावाचा कल्चर रिपोर्ट आला. जिवाणूचं नाव अ‍ॅसिनेटोबॅक्टर बाउमानी. औषधांच्या यादीसमोर ‘आर’, ‘आर’, ‘आर’ अशी खालपर्यंत गेलेली रांग, म्हणजे एकही औषध चालणार नाही. शेवटी कोलिस्टिनपुढे तेवढं ‘आय’, म्हणजे चाललं तर चाललं. कोलिस्टिन हे मूत्रपिंडांना इजा करतं म्हणून एकेकाळी जवळपास टाकून दिलेलं औषध. दुसरं काही उरलं नाही म्हणून ते पुन्हा कपाटातून काढावं लागलं आहे. वडील एकतिसाव्या दिवशी घरी आले, पण मूत्रपिंडांना बसलेला फटका सोबत घेऊन आले.

त्या ठिपक्यातूनच हा जिवाणू त्यांच्यापर्यंत पोचला असं मी म्हणत नाही. ते कुणालाही सिद्ध करता येणार नाही. पण ठिपका एक गोष्ट निर्विवादपणे सांगत होता: या कठड्याला सात दिवसांत कुणीही फडकं लावलेलं नाही. माझं म्हणणं त्या फडक्याबद्दल आणि ते धरणाऱ्या माणसाबद्दल आहे.

जिवाणू कोरड्या पृष्ठभागावर किती काळ तग धरतात, याचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा आढावा जर्मनीतल्या अ‍ॅक्सेल क्रॅमर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर झालेले वेगवेगळे प्रयोग त्यांनी एकत्र मांडले. मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ज्याला वॉर्डात सगळे ‘एमआरएसए’ म्हणतात, तो सात दिवसांपासून सात महिन्यांपर्यंत. अ‍ॅसिनेटोबॅक्टर तीन दिवसांपासून पाच महिन्यांपर्यंत. एन्टेरोकॉकस चार महिन्यांपर्यंत, सुडोमोनास सोळा महिन्यांपर्यंत आणि क्लेबसिएला तर तीस महिन्यांहून जास्त. कापडाचंही तसंच. अमेरिकेत २००० साली झालेल्या एका अभ्यासात टॉवेल, डॉक्टरांचे कोट, पडदे आणि प्लास्टिकचे एप्रन यांवर जिवाणू सोडून पाहिले. सगळे निदान एक दिवस तरी जगले. पॉलिएस्टर आणि प्लास्टिकवर त्यांतले काही तीन महिने झाले तरी जिवंत होते.

हे आकडे वाचून छातीत धस्स होतं, म्हणून एक गोष्ट लगेच सांगायला हवी. प्रयोगशाळेत असा प्रयोग करताना लाखो जिवाणू एका ठिकाणी ठेवतात आणि शेवटचा जिवंत जिवाणू सापडेपर्यंत मोजत राहतात. त्यातले बहुतेक लवकरच मरतात. सात महिन्यांनी एक जिवाणू सापडला म्हणजे सात महिने तो कठडा तेवढाच धोकादायक राहिला, असं नाही. पृष्ठभाग कशाचा, हवेत दमटपणा किती, जिवाणू रक्तात-पुवात लडबडलेला की नुसता, यावर कालावधी तासांपासून महिन्यांपर्यंत हलतो. पण रुग्णालयात हा फरक फार दिलासा देत नाही, कारण तिथे भर सतत पडत असते. तिथला पेशंट म्हणजे नळ्या घातलेला, कातडीवर जखमा असलेला, प्रतिकारशक्ती खचलेला माणूस. निरोगी माणसाला न शिवणारा जिवाणू त्याला पुरतो.

हे जिवाणू पाण्याविना, अन्नाविना टिकतात कसे? काही स्वतःचे व्यवहार इतके मंदावतात की जगायला फारसं काही लागतच नाही. काही एकमेकांना चिकटून स्वतःभोवती चिकट पापुद्रा तयार करतात. नदीतल्या दगडावरचं शेवाळ बोटाला बुळबुळीत लागतं, तसलाच हा प्रकार, फक्त डोळ्यांना न दिसणारा. असा थर ओल्या जागीच होतो अशी समजूत होती. ऑस्ट्रेलियात एका अतिदक्षता विभागात पेशंट हलवल्यावर शेवटची मोठी साफसफाई, तीही क्लोरीनच्या द्रावणाने, झाली. त्यानंतर तिथल्या वस्तू कापून तपासल्या, तर कोरड्या पृष्ठभागांवरही तो थर सापडला आणि त्यात अनेक औषधांना दाद न देणारे जिवाणू जिवंत होते. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसतं औषध शिंपडून, फवारून हा थर निघत नाही. घासावं लागतं, रोज, हाताने.

माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. औषधाला दाद न देणारा जिवाणू कठड्यावर साध्या जिवाणूपेक्षा जास्त दणकट असतो, असं सहसा नसतं. मेरोपेनेमसारखं तगडं प्रतिजैविक त्याला मारू शकत नाही, पण साबणाच्या पाण्याने घासलं तर तो निघतो आणि सोडियम हायपोक्लोराइटने, म्हणजे साध्या ब्लीचने, साध्या जिवाणूसारखाच मरतो. पेशंटच्या फुप्फुसात शिरल्यावर ज्याच्यापुढे हजारो रुपयांची इंजेक्शनं हात टेकतात, तोच जिवाणू कठड्यावर असताना काही रुपयांच्या द्रावणाने आणि दोन मिनिटांच्या कष्टाने संपतो. त्याला गाठायची जागा तीच. ती आपण सोडून दिली आहे.

आपल्याकडे प्रतिजैविकांच्या प्रतिरोधाची चर्चा होते तेव्हा ती गोळीभोवती फिरते. डॉक्टर सर्दीलाही प्रतिजैविक लिहितात, दुकानदार चिठ्ठीशिवाय देतो, पेशंट दोन दिवसांत बरं वाटलं की गोळ्या बंद करतो, कोंबड्यांच्या खाद्यात औषध मिसळतात. यातलं एकही खोटं नाही. २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांची कडक यादी, लागू झालं, औषधांच्या पाकिटावर लाल रेघ आली, २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. हे सगळं हवंच. पण प्रतिरोध जन्माला येतो गोळीच्या गैरवापरातून आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो स्पर्शातून. माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडला नव्हता. त्यांच्या फुप्फुसात गेलेला जिवाणू दुसऱ्या कुणाच्या उपचारांतून निबर होऊन आलेला होता.

एका जागतिक अंदाजानुसार २०१९ मध्ये भारतात सुमारे २ लाख ९७ हजार मृत्यू थेट प्रतिरोधामुळे झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या मोठ्या रुग्णालयांत सापडणाऱ्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरपैकी दहात आठांहून अधिक मेरोपेनेम ज्यात मोडतं त्या कार्बापेनेम गटाच्या औषधांना जुमानत नाहीत. आणि हा जिवाणू मुख्यतः रुग्णालयातच भेटतो. रस्त्यावर, घरात, शेतात त्याच्यामुळे आजारी पडलेला माणूस क्वचितच दिसेल. म्हणजे या एका जिवाणूपुरतं तरी उत्तर औषधाच्या दुकानात कमी आणि वॉर्डात जास्त शोधायला हवं.

एनडीएम-१ची आठवण अनेकांना असेल. २००८ मध्ये स्वीडनमधल्या भारतीय वंशाच्या एका पेशंटमधल्या जिवाणूत कार्बापेनेम निकामी करणारं हे विकर (एन्झाइम) सापडलं, दिल्लीत त्याच्यावर उपचार झाले होते म्हणून त्याच्या नावात ‘न्यू दिल्ली’ आलं, आणि २०१० मध्ये आपल्याकडे वादळ उठलं ते त्या नावावरून. देशाची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाला धक्का, असं सगळं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्याच वर्षी मार्चमध्ये, वादळाच्या आधीच, कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ नमुन्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ असल्याचं आपल्याच देशातल्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं. त्यावर कुणी सभागृहात उभं राहिलं नाही. पुढे २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठात बिल कीव्हिल यांच्या गटाने दाखवून दिलं की प्रतिरोधाची जनुकं, एनडीएम-१चंसुद्धा, स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावर पडल्या पडल्या एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणजे जिवाणू तिथे नुसते पडून नसतात, शिकवणीही चालू असते.

त्याच गटाचं दुसरं काम आपल्याला जवळचं वाटेल. एमआरएसए स्टेनलेस स्टीलवर तीन दिवस जिवंत राहिला, तांब्यावर दीड तासाच्या आत संपला, पितळेवर साडेचार तासांत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना जिवाणूनाशक पृष्ठभाग म्हणून नोंदणी दिली. हे वाचून मला आजीच्या घरचा पाण्याचा तांब्याचा हंडा आठवला, आणि तुम्हालाही काही आठवलं असेल. पण दर आठवड्याला चिंच-मिठाने तो हंडा लख्ख करणारी बाई त्या आठवणीतून वगळू नये. तांब्यावर मळ बसला की जिवाणू धातूला टेकतच नाही. नव्या इमारतींत दारांच्या मुठी आणि कठडे पितळेचे करायला माझा पाठिंबा आहे, पण ते पुसायला माणूस लागणारच.

आता तो माणूस. अमेरिकेत फिलिप कार्लिंग नावाच्या डॉक्टरांनी साधी युक्ती काढली. पेशंटच्या खोलीत लोक सारखा हात लावतात अशा जागांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या, पण अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या जेलचे ठिपके ठेवायचे आणि साफसफाई झाल्यावर दिवा मारून बघायचा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत २३ रुग्णालयांत मिळून अशा जागांपैकी केवळ ४९ टक्के खरोखर पुसलेल्या निघाल्या. वडिलांच्या कठड्यावरचा बीटाडिनचा थेंब म्हणजे नकळत झालेली तीच चाचणी होती. त्याला दिवाही लागत नव्हता.

मी तिथल्या मावशींना विचारलं, “मावशी, हा कठडा कोण पुसतं हो?” त्या म्हणाल्या, “ताई, आमचं काम फरशी, संडास-बाथरूम नि कचरा. कॉट सिस्टरांकडं.” सिस्टर म्हणाल्या, “ते हाउसकीपिंगचं.” दोघीही खरं बोलत होत्या. कठडा कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हता. सलाइनचा स्टँड, मॉनिटरची बटणं, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर जाणारा बीपीचा पट्टा, सक्शन मशीनचा खटका, पडद्याची कड, सगळ्याची तीच गत.

आपल्या डोक्यात स्वच्छता म्हणजे फरशी. घरातही आधी फरशी, मग बाकीचं. ती दिसते, तिच्यावर चालतो, तिला वास येतो. पण दवाखान्यात पेशंटच्या तोंडापर्यंत, जखमेपर्यंत, नळीपर्यंत जातात ते हात. फरशीला हात लावून पेशंटला हात लावणारं सहसा कुणी नसतं. अपवाद नातेवाइकांचा, आणि सरकारी दवाखान्यात तो अपवाद राहत नाही. तिथे सून किंवा मुलगा कॉटखाली सतरंजी टाकून झोपतो, पेशंटची कूस बदलतो, भांडं देतो, अंग पुसतो, त्याच कॉटच्या कडेला डबा उघडून दोन घास खातो. निम्मी शुश्रूषा ही माणसं करतात. त्यांना कशाला हात लावल्यावर हात धुवायचे, हे मी तरी कुठे कुणाला सांगताना पाहिलेलं नाही.

आपण ज्या कॉटवर झोपतो त्या कॉटवर आधी कोण होतं, हे महत्त्वाचं असतं. अमेरिकेतल्याच २००६ च्या एका अभ्यासात खोलीतल्या आधीच्या पेशंटकडे एमआरएसए किंवा व्हॅन्कोमायसिनला दाद न देणारा एन्टेरोकॉकस असेल, तर पुढच्या पेशंटला तो लागण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेली दिसली. आधीचा पेशंट निघून गेलेला, चादर बदललेली. मागे राहिला होता तो पृष्ठभाग.

“हात धुणं महत्त्वाचं, पृष्ठभाग दुय्यम,” असं अनेक डॉक्टर म्हणतात, आणि बऱ्याच संसर्गांत जिवाणू पेशंटच्या स्वतःच्याच शरीरातला असतो याकडेही बोट दाखवतात. दोन्ही बरोबर आहे. पण धुतलेला हात कठड्यावर टेकला की पुन्हा पहिल्यासारखाच. आणि रात्रपाळीला वीस-पंचवीस पेशंट सांभाळणाऱ्या दोन सिस्टर प्रत्येक स्पर्शानंतर हात धुतील, ही अपेक्षा कागदावरच राहते. पृष्ठभाग स्वच्छ असले तर हुकलेलं हात धुणं थोडं कमी महागात पडतं.

पुसल्याने खरंच फरक पडतो का? ग्लासगोच्या स्टेफनी डान्सर यांनी हे तपासलं. दोन वॉर्ड घेतले. आधी एका वॉर्डात सहा महिने, मग दुसऱ्यात सहा महिने, सोमवार ते शुक्रवार एक जादा सफाई कर्मचारी नेमली, फक्त हात लागणाऱ्या जागा पुसायला. एमआरएसएचे नवे संसर्ग सुमारे एक चतुर्थांशाने घटले. तिचा खर्च वजा जाता रुग्णालयाचे ३० ते ७० हजार पौंड वाचले, असा हिशेब त्यांनी २००९ मध्ये मांडला. ऑस्ट्रेलियात अकरा रुग्णालयांत सफाई कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, काय पुसलं गेलं आणि काय राहिलं ते चमकत्या ठिपक्यांनी तपासून त्यांनाच दाखवलं. बाथरूममधल्या हात लागणाऱ्या जागा पुसल्या जाण्याचं प्रमाण ५५ वरून ७६ टक्क्यांवर, खोल्यांतलं ६४ वरून ८६ टक्क्यांवर गेलं. व्हॅन्कोमायसिनला दाद न देणाऱ्या एन्टेरोकॉकसचे संसर्ग ३७ टक्क्यांनी कमी झाले. स्टॅफिलोकॉकसच्या रक्तातल्या संसर्गात मात्र ठळक फरक दिसला नाही, हेही नोंदवायला हवं. तिथल्याच एका रुग्णालयात पुढे वॉर्डातली सामाईक उपकरणं पुसायला सोमवार ते शुक्रवार रोज तीन तास जास्तीचे दिले. २०२४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा रुग्णालयात लागणारे संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने उतरले होते. रोज तीन तास! एका माणसाची अर्धी पाळीसुद्धा नाही.

आपल्याकडे तो माणूस कोण असतो? जवळपास नेहमीच कंत्राटी. ठेकेदार बदलला की माणसं बदलतात, वॉर्ड बदलतात. त्यांना कुणी कधी सांगत नाही की तुमच्या हातातलं हे फडकं एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर तसंच नेलं तर तुम्ही पुसत नाही, पसरवता. इंग्लंडच्या १२६ रुग्णालय संस्थांचा २०१० ते २०१४ या काळातला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सफाई बाहेर कंत्राटाने दिलेल्या ठिकाणी एमआरएसएचं प्रमाण दर लाख रुग्णदिवसांमागे २.२८, स्वतःचे कर्मचारी असलेल्या ठिकाणी १.४६. कंत्राटी सफाई स्वस्त पडत होती आणि दर खाटेमागे माणसं कमी होती. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे मान्य. पण स्कॉटलंडच्या सरकारने असा अभ्यास येण्याची वाट न पाहता २००८ मध्येच रुग्णालयांच्या सफाईची नवी खासगी कंत्राटं थांबवली.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ जण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. त्यानंतर लगेच एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं आणि ते चित्रण घरोघर पोचलं. ती बाळं कशाने गेली याचा निवाडा मी इथून करणार नाही. मला बोलायचंय ते त्या चित्रणाबद्दल. कुणाला झाडू धरायला लावणं हा अपमान करण्याचा मार्ग आहे, यावर ते बघणाऱ्या सगळ्यांचं एकमत होतं. जे काम करायला लावणं हीच शिक्षा वाटते, ते काम करणाऱ्याला आपण काय मोजत असू? पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारलेलं, म्हणून कमी पैशाचं, म्हणून न शिकवता करून घ्यायचं काम. औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूचा आणि जातीचा असा थेट संबंध आहे.

त्याच महिन्यात राज्यातल्या सरकारी नोकऱ्यांमधल्या कंत्राटी भरतीचा शासन निर्णय आंदोलनांमुळे मागे घ्यावा लागला. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांचा तो राग रास्तच होता. पण रुग्णालयांतली सफाई त्याच्या कितीतरी आधीपासून ठेकेदारांकडे गेलेली होती, आणि तिच्यासाठी मोर्चे निघाले ते फक्त चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांचे. आपण बाकीच्यांनी ते त्यांच्या पगाराचे मोर्चे समजून सोडून दिले.

घराबद्दल थोडक्यात. मोबाइल, बसमधला दांडा, नोटा, लिफ्टचं बटण, या सगळ्यांवर जिवाणू असतात. घरी आल्यावर साध्या साबणाने हात धुतले की बहुतेकांचं काम भागतं. ‘जंतुनाशक’ साबणाला जास्त पैसे मोजायची गरज नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटक असलेल्या अशा साबणांची विक्री बंद करायला लावली, कारण साध्या साबणापेक्षा ते सरस असल्याचा पुरावा कंपन्यांना देता आला नाही. करोनाच्या काळात आपण दुधाच्या पिशव्या आणि भाजीची जुडी घासून घासून धुतली. तेवढी काळजी पृष्ठभाग खरोखर घातक असतो त्या ठिकाणी, म्हणजे कॉटच्या कठड्यावर, वळवावी, एवढंच माझं मागणं आहे.

ते प्रत्यक्षात कसं यावं, याचा रस्ता आपल्याकडे अर्धा तयार आहे. महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांना २०२१ च्या सुधारित नोंदणी नियमांनुसार १५ सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. त्याच नियमांत एक ओळ वाढवावी: अतिदक्षता विभागात मागच्या महिन्यात हात लागणाऱ्या किती जागा तपासल्या आणि त्यांतल्या किती पुसलेल्या निघाल्या. जेल आणि दिवा ही महागडी यंत्रणा नाही. सरकारी रुग्णालयांनाही तीच अट असावी आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत सामील व्हायचं तर ती पाळावीच लागावी. इंग्लंडने २००१ पासून रुग्णालयांना एमआरएसएच्या रक्तसंसर्गाची नोंद सक्तीची केली, पुढे ती संख्या निम्मी करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं, आणि २००३-०४ मधले सुमारे ७,७०० संसर्ग २००८-०९ पर्यंत तीन हजारांच्या खाली आले. त्यामागे बऱ्याच गोष्टी एकत्र होत्या. पण आधी आकडा उघड झाला, मग बाकीचं हललं.

फवारणीचे रोबो आणि अतिनील किरणांची यंत्रं नंतर घ्या. आधी कठडा कुणाच्या यादीत आहे ते लिहून काढा. तो पुसणाऱ्या बाईला कायम नोकरी द्या, वॉर्ड ठरवून द्या, रंगांची वेगवेगळी फडकी द्या. संसर्ग नियंत्रण समितीच्या बैठकीत डॉक्टर आणि मेट्रनच्या शेजारी तिची खुर्ची ठेवा, कारण कोणती वस्तू कधीच पुसली जात नाही हे त्या टेबलावर फक्त तिलाच ठाऊक असतं.

वडिलांना वॉर्डात हलवलं त्या दुपारी मी त्यांचा डबा आणि चष्मा घ्यायला परत आत गेले. मावशींनी चादर बदलली, फरशी पुसली. अर्ध्या तासात त्या कॉटवर दुसरे आजोबा आले. त्यांच्या मुलाने वाकून त्यांच्याशी बोलताना कठड्याला धरलं. मी पर्समधून सॅनिटायझरची बाटली काढून त्याच्या हातात दिली आणि कशासाठी ते सांगितलं. मावशी थांबून ऐकत होत्या. “आम्हाला पण सांगा की ताई,” त्या म्हणाल्या.